दुपारचा एक तास: पब्लिक रेडिओवर चालू घडामोडींचा टॉक शो पायरी पायरीने कसा उभा करायचा

सकाळच्या रेडिओचं काम ठरलेलं असतं. रात्रीत काय झालं, आज काय होणार, हवामान, ट्रॅफिक, की लोक घराबाहेर पडायला मोकळे. दुपारी बारानंतर जो माणूस रेडिओ लावतो त्याला हेडलाईन आधीच माहीत असते, मोबाईलवर दहा वेळा येऊन गेलेली असते. त्याला हवं असतं ते वेगळंच, की हे असं का झालं, यात माझं काय, आणि जाणकार माणसं यावर एकमेकांशी नेमकं कुठे भांडतायत. हे सावकाश सांगायला दुपारइतकी चांगली वेळ दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. मी बरीच वर्षं पब्लिक रेडिओवर, म्हणजे देणग्या आणि अनुदानावर चालणाऱ्या स्टेशनांवर, अशा कार्यक्रमांची प्रोड्यूसर म्हणून काम केलंय आणि नवीन टीमना शिकवताना जे दर वेळी तोंडी सांगते ते इथे एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

ही वेळ नवीन नाहीये. बीबीसीचा 'वुमन्स अवर' १९४६ मध्ये सुरू झाला तो दुपारी दोनच्या वेळेला, 'द वर्ल्ड अ‍ॅट वन' १९६५ पासून दुपारी एकला लागतो, आणि अमेरिकेत एनपीआर या पब्लिक रेडिओ संस्थेचा 'टॉक ऑफ द नेशन' १९९१ ते २०१३ असा जवळपास बावीस वर्षं दुपारीच चालला, त्यात देशभरातून लोक फोन करून बोलायचे. तिन्ही कार्यक्रमांचा बाज वेगळा, पण गृहीत एकच, की दिवसा ऐकणारा माणूस हाताने काहीतरी करत असतो, डोकं मात्र मोकळं असतं.

पायरी १: विषय नको, प्रश्न लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला, बाकी सगळं याच्यावर उभं राहतं. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं "आपण सार्वजनिक वाहतुकीवर करूया" आणि सगळे माना डोलावतात. हा विषय झाला, यावर तासभर बोललं तर प्रत्येक पाहुणा आपापलं भाषण करून जाईल आणि श्रोत्याच्या हाताला काही लागणार नाही. त्याचा प्रश्न करा: "शहरातली बस सगळ्यांना फुकट करावी का?" आता बघा, लगेच बाजू दिसायला लागतात, पैसा कुणी द्यायचा ते विचारता येतं, कुठे करून बघितलंय ते शोधता येतं.

प्रश्न बरोबर जमलाय का हे तपासायला मी तीन गोष्टी बघते. एका श्वासात म्हणता येतो का? दोन शहाणी, माहितगार माणसं त्याची वेगवेगळी उत्तरं देतील का? आणि ज्याने सकाळची बातमी अजिबात ऐकली नाही त्यालाही तो कळेल का? तिसऱ्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आपटतात, कारण आपण आठवडाभर तेच वाचत असतो आणि आपल्याला वाटतं सगळ्यांनाच पार्श्वभूमी ठाऊक आहे.

बातमी आणि विचार यांची गाठसुद्धा इथेच मारायची. बसच्या भाड्याचा प्रश्न वरवर महापालिकेच्या बजेटचा आहे, पण आत शिरलात की तो असा होतो, की प्रवास ही विकत घ्यायची वस्तू आहे की रस्त्यावरच्या दिव्यासारखी सगळ्यांनी मिळून पोसायची सोय? तासाच्या पहिल्या भागात बजेट आणि शेवटच्या भागात हा मोठा प्रश्न, असा चढ ठेवला की श्रोता टिकतो. उलटं केलं, म्हणजे आधी तत्त्वज्ञान आणि मग बजेट, तर पहिल्या दहा मिनिटातच लोक गळतात, हे मी खूपदा बघितलंय.

पायरी २: पाहुणे

नेहमीची सवय अशी की एक बाजूचा एक, दुसऱ्या बाजूचा एक, आणि मध्ये होस्ट. यात भांडण होतं, समज वाढत नाही. मी वेगळ्या पद्धतीने शोधते: एक माणूस ज्याला विषय माहीत आहे, एक ज्याच्या हातात निर्णय आहे, आणि एक ज्याच्या आयुष्यावर तो निर्णय पडतो. बसच्या उदाहरणात वाहतुकीचा अभ्यासक, शहराच्या परिवहन खात्याचा अधिकारी आणि रोज दोन बस बदलून कामाला जाणारी व्यक्ती. तिघांनाही एकाच वेळी स्टुडिओत बसवायची गरज नाही, दोन माणसं एका वेळी पुरतात. चार जण ठेवलेत तर ऐकणाऱ्याला कुणाचा आवाज कुणाचा तेच कळत नाही, त्याला चेहरे दिसत नाहीयेत हे विसरू नका.

समतोल म्हणजे काट्यावर तोलून दोन्हीकडे सारखी माणसं, असं समजू नका. ज्या गोष्टीवर अभ्यासकांमध्ये खरंच मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू हव्यातच, पण जिथे पुराव्याने प्रश्न सुटलेला आहे तिथे मुद्दाम एक विरोधक शोधून आणणं ही श्रोत्याची फसवणूक आहे. २०११ मध्ये बीबीसीवर तेव्हा देखरेख करणाऱ्या बीबीसी ट्रस्टने विज्ञानाच्या बातम्या किती निःपक्षपाती असतात याचा आढावा घ्यायला लावला होता, तो जनुकशास्त्रज्ञ स्टीव्ह जोन्स यांनी लिहिला, आणि त्यातली मुख्य तक्रार हीच होती की काठावरच्या मतांना वाजवीपेक्षा जास्त वजन मिळतं.

आता प्री-इंटरव्ह्यू. पाहुणा फायनल करायच्या आधी प्रोड्यूसरने त्याच्याशी फोनवर पंधरा-वीस मिनिटं बोलायचंच, मग तो कितीही मोठा माणूस असो. यात माहिती गोळा करायची असतेच, पण मी जास्त करून कान देते ते बोलण्याकडे. अर्ध्या मिनिटात एक मुद्दा सांगता येतो का, उदाहरण देतो का, "मला हे नक्की माहीत नाही" असं म्हणू शकतो का. हे शेवटचं ज्याला जमतं तो पाहुणा सोन्यासारखा, त्याचा नंबर जपून ठेवा. मात्र सगळे प्रश्न आधीच विचारून टाकू नका, नाहीतर ऑन एअर तो "मी मघाशी म्हटलं तसं" असं म्हणतो आणि श्रोत्याने मघाशी काहीच ऐकलेलं नसतं. प्रश्नांची यादी मागितली तर द्यायची नाही, कुठल्या भागावर बोलणार ते मात्र मोकळेपणाने सांगायचं.

एक गोष्ट पब्लिक रेडिओची खास. स्टेशन लोकांच्या देणगीवर, सरकारी अनुदानावर, संस्थांच्या मदतीवर चालतं, त्यामुळे कधी ना कधी असा पाहुणा येतोच ज्याच्या संस्थेने तुम्हाला पैसे दिलेले असतात. बोलवायला हरकत नाही, पण मुलाखतीच्या सुरुवातीलाच एका वाक्यात ते सांगून टाका. श्रोत्याला ते दुसरीकडून कळलं तर पुढची दहा वर्षं तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

पायरी ३: तासाचं घड्याळ

टॉक शोचा तास साठ मिनिटांचा नसतो. एनपीआरच्या पद्धतीत तासाच्या सुरुवातीला ५९ सेकंदांचं बिलबोर्ड, म्हणजे आज काय आहे त्याची झलक, मग पाच मिनिटांच्या बातम्या, आणि सहाव्या मिनिटाला खरा कार्यक्रम सुरू. ५९व्या मिनिटाला तुम्हाला बाहेर पडायचंय असं धरलं आणि मधले दोन छोटे ब्रेक वजा केले की हातात साधारण पन्नास मिनिटं उरतात.

ती मी अशी वाटते: पहिला भाग बारा-तेरा मिनिटं, यात फक्त एक पाहुणा आणि प्रश्न नीट मांडणं. दुसरा भाग सगळ्यात लांब, अठरा-वीस मिनिटं, दुसरा पाहुणा आणि पहिले फोन. तिसऱ्यात उरलेले फोन आणि तो मोठा प्रश्न. हे काही देवाने सांगितलेलं नाही, तुमच्या स्टेशनचं घड्याळ वेगळं असेल तर तसं बदला, पण कागदावर लिहिलेलं असलंच पाहिजे आणि होस्ट, प्रोड्यूसर, तंत्रज्ञ तिघांसमोर एकच कागद पाहिजे.

आणि शेवट उलटा मोजत या. ५९:०० ला संपायचंय, निरोपाचं निवेदन चाळीस सेकंद, संगीताला दहा सेकंद, म्हणजे निवेदन ५८:१० ला सुरू झालंच पाहिजे. शेवटच्या उत्तराला दीड मिनिट द्यायचं तर शेवटचा प्रश्न ५६:४० ला विचारून व्हायला हवा. तो प्रश्न विचारताना "आपल्याकडे एकच मिनिट आहे" असं पाहुण्याला थेट सांगा, बहुतेक जण बरोबर आवरतं घेतात.

पायरी ४: सुरुवातीचं निवेदन लिहिणं

डोळ्यांसाठी लिहिलेलं आणि कानासाठी लिहिलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक. हे बघा, असं नको: "आजच्या कार्यक्रमात आपण नागरी सार्वजनिक वाहतूक व्यवस्थेच्या आर्थिक शाश्वततेसंबंधी विविध दृष्टिकोनांचा परामर्श घेणार आहोत." असं हवं: "बसमध्ये चढताना तुम्ही खिशात हात घालता. तो घालायची गरजच पडली नाही तर? एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये, २०१३ पासून तिथल्या रहिवाशांना बस फुकट आहे. लक्झेंबर्गने २०२० मध्ये अख्ख्या देशात बस, ट्राम आणि रेल्वे फुकट केली. मग बाकीची शहरं कशासाठी थांबलीत? पैसा कुणी भरायचा? आणि फुकट झालेली बस वेळेवर येईल का? पुढचा तासभर हेच बोलूया."

दुसऱ्यात काय झालं? वाक्यं छोटी झाली, श्रोत्याचा स्वतःचा हात त्यात आला, दोन खऱ्या जागा आल्या, आणि शेवटी प्रश्न उघडा राहिला. टॅलिनच्या वाक्यात "तिथल्या रहिवाशांना" हे शब्द मी मुद्दाम ठेवलेत, कारण बाहेरून आलेल्याला तिथे तिकीट लागतं, आणि लक्झेंबर्गच्या रेल्वेत फर्स्ट क्लासला अजून पैसे पडतात. झलकेत तेवढा तपशील मावत नाही पण होस्टच्या कागदावर तो असायलाच हवा, कुणीतरी फोन करून विचारतंच.

आकडे गोल करा. "एक्केचाळीस पूर्णांक सदतीस टक्के" कानाला लागत नाही, "पाचातले दोन" लागतं. एका वाक्यात एकच आकडा. लिहून झालं की मोठ्याने वाचा, जिथे श्वास अडकेल तिथे वाक्य तोडा, आणि स्वतःच्या वाचण्याचा वेग घड्याळ लावून एकदा मोजून ठेवा म्हणजे ५९ सेकंदात किती शब्द बसतात ते दर वेळी चाचपडायला नको.

पायरी ५: आवाज

थोडक्यात सांगते. माईक तोंडापासून साधारण एक वीत, आणि किंचित बाजूला, म्हणजे प आणि फ चे फटके बसत नाहीत. हेडफोन होस्टलाही आणि पाहुण्यालाही. पाहुणा घरून बोलत असेल तर पडदे-गाद्या असलेल्या खोलीत बसायला सांगा, स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळा, टाईल्सवरून आवाज उसळतो. कार्यक्रम लाईव्ह नसेल तर पाहुण्याला त्याच्याच मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगा, कॉलवरच्या आवाजापेक्षा तो कितीतरी स्वच्छ असतो. लेव्हलसाठी, म्हणजे आवाज किती मोठा ठेवायचा यासाठी, युरोपातल्या ब्रॉडकास्टरांचं मानक उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आहे, पॉडकास्टसाठी लोक साधारण उणे १६ धरतात, आपल्या स्टेशनचा आकडा विचारून घ्या आणि तोच पाळा.

पायरी ६: ऑन एअर

प्रश्न छोटा ठेवा आणि एका वेळी एकच. तीन प्रश्न एकत्र विचारले की पाहुणा सगळ्यात सोप्याचं उत्तर देतो आणि बाकीचे दोन हवेत जातात. "तुम्हाला असं नाही का वाटत की" असा सुरू होणारा प्रश्न म्हणजे तुमचं मत आहे, ते खोडून टाका. माझे सगळ्यात आवडते प्रश्न तीन, आणि तिन्ही एका ओळीचे: "म्हणजे काय?", "उदाहरण सांगा", आणि "हे तुम्हाला कसं कळलं?" या तिसऱ्यात फार ताकद आहे, कारण त्याने अभ्यास केलेला माणूस आणि ऐकीव बोलणारा माणूस अर्ध्या मिनिटात वेगळे होतात, आणि विचारताना कुणाचा अपमानही होत नाही.

दर पाच-सात मिनिटांनी जागा परत सांगा. कोण बोलतंय, कशावर बोलतंय. दुपारी लोक मध्येच येतात, गाडी सुरू केली की रेडिओ लागतो, जेवण आटोपलं की लागतो, आणि त्या क्षणी त्यांना एक अनोळखी आवाज मध्यावरून काहीतरी सांगत असतो. "आपल्यासोबत वाहतूक अभ्यासक अमुक आहेत आणि आपण विचारतोय की बस फुकट करावी का" एवढं पुरतं. ज्याने पहिल्यापासून ऐकलंय त्याला कंटाळा येईल अशी भीती नवीन होस्टना वाटते, पण दोन वाक्यांनी कुणी उठून जात नाही. आपण कुठे आहोत हे न कळल्याने मात्र जातात.

पाहुणा टाळाटाळ करायला लागला तर तोच प्रश्न त्याच शब्दात, त्याच स्वरात परत विचारा. परत टाळला तर श्रोत्याला सांगा, "आम्ही दोनदा विचारलं, उत्तर मिळालेलं नाही" आणि पुढे जा. आवाज चढवायची काही गरज नसते. मध्ये तोडायचं असेल तर पाहुणा श्वास घेतो ती फट पकडा आणि त्याचं नाव घेऊन सुरुवात करा, नाव ऐकलं की माणूस थांबतो.

पायरी ७: फोन

इथे पब्लिक रेडिओचा जीव आहे, आणि म्हणून इथली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती म्हणजे फोन उचलणारा स्क्रीनर. हे काम नवख्या इंटर्नकडे सोपवायची पद्धत मला पटत नाही. स्क्रीनर तीनच गोष्टी विचारतो, नाव, कुठून बोलताय, आणि एका वाक्यात काय म्हणायचंय, आणि ते होस्टच्या स्क्रीनवर टाईप करतो. त्या एका वाक्यावरून ठरतं कोण आधी. मत सांगणाऱ्यापेक्षा अनुभव सांगणाऱ्याला आधी घ्या. सलग तीन जण एकाच बाजूचे नकोत. कॉलरला आठवणीने सांगा की घरातला रेडिओ बंद करा, कारण प्रसारण काही सेकंद उशिरा जातं, बहुतेक ठिकाणी सात सेकंदांच्या आसपास, आणि स्वतःचाच आवाज उशिराने ऐकू आला की माणूस गोंधळून गप्प होतो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो, कुणी शिवी दिली किंवा कुणाच्या नावाने बदनामीकारक काही बोललं तर तेवढं बटण दाबून गाळता येतं. ते बटण कोण दाबणार हे कार्यक्रमाआधी नाव घेऊन ठरवा, "कुणीतरी दाबेल" असं ठेवलं की कुणीच दाबत नाही.

बस फुकट करण्यावरच आम्ही एकदा तास केला होता. अभ्यासक आणि अधिकारी दोघं अनुदानाच्या आकड्यांवर बोलत होते, छान चाललं होतं, आणि एका बाईंचा फोन आला. त्या रात्रपाळीत साफसफाईचं काम करायच्या. म्हणाल्या, तिकीट परवडतं हो मला, पण माझी पाळी सुटते तेव्हा शेवटची बस गेलेली असते, मग फुकट असली काय आणि नसली काय. स्टुडिओत दोन-तीन सेकंद शांतता, आणि होस्टने ती तशीच राहू दिली. मग होस्टने अधिकाऱ्याला एवढंच विचारलं, "तेवढ्याच पैशात भाडं माफ करायचं की रात्रीच्या बस वाढवायच्या, तुम्ही काय निवडाल?" तिथून पुढे कार्यक्रमच बदलला. आम्ही आठवडाभर वाचून जो प्रश्न काढला होता त्याच्यापेक्षा बाईंचा प्रश्न चांगला होता. कागदावरचं घड्याळ पाळायचं खरं, पण असं काही आलं की तिसऱ्या भागातलं ठरवलेलं सोडून द्यायचं धाडस होस्टकडे पाहिजे.

कॉलरने चुकीची माहिती सांगितली तर त्याला न दुखवता पण लगेच दुरुस्त करा: "तुमची काळजी समजते, पण तो आकडा तसा नाहीये." ज्याचा आवाज भरून आलाय त्याला पुढे बोलायला भाग पाडू नका. त्याला ऑफ एअर घ्या आणि स्क्रीनरने त्याच्याशी बोलत राहायचं, फोन ठेवून द्यायचा नाही.

पायरी ८: चूक त्याच तासात दुरुस्त करा

कार्यक्रम चालू असताना एक माणूस फक्त तपासायला बसलेला हवा, समोर कॉम्प्युटर आणि होस्टच्या कानात बोलायची सोय. आमच्याकडून एकदा एका योजनेच्या खर्चाचा आकडा दहापट जास्त सांगितला गेला, एक शून्य वाढलं होतं. कळलं विसाव्या मिनिटाला, पण दुरुस्ती केली दुसऱ्या दिवशी, कारण चांगली रंगलेली चर्चा तोडावी असं कुणाला वाटलं नाही. त्यानंतर आलेल्या प्रत्येक कॉलरने तोच चुकीचा आकडा धरून राग काढला. मला ते आजही लागतं. तेव्हापासून नियम केला, चूक कळल्यावर पुढच्या ब्रेकच्या आत होस्टने स्पष्ट शब्दात सांगायचं, आधी काय म्हटलं होतं आणि बरोबर काय आहे.

पायरी ९: आठवड्यातून एक दिवस बातमी बाजूला ठेवा

हे जमलं तर जरूर करा. एक दिवस फक्त एका विचाराला द्या. कॅनडाच्या सीबीसीवर 'आयडियाज' १९६५ पासून हेच करतंय, आणि बीबीसीवर 'इन अवर टाइम' १९९८ मध्ये मेल्विन ब्रॅग यांनी सुरू केला, तो चालतो एक विषय, साधारण तीन अभ्यासक, एक होस्ट एवढ्याच सामग्रीवर. लोकांना हे जड वाटेल अशी भीती असते. जड वाटतं ते व्याख्येपासून सुरुवात केली तर. ज्या माणसाला तो विचार पहिल्यांदा सुचला त्याच्या अडचणीपासून सुरुवात करा, त्याच्यासमोर कोडं काय होतं, आधीची उत्तरं का पुरत नव्हती, आणि मग विचार आपोआप पुढे येतो. पाहुण्यांनी आपापसात बोलावं, होस्टने "थांबा, हे मला कळलं नाही" म्हणायला अजिबात लाजू नये, तो त्या वेळी हजारो श्रोत्यांच्या वतीने विचारत असतो.

पायरी १०: माईक बंद झाल्यावर

दहा मिनिटं सगळ्यांनी बसा, तिथेच, चहापाणी नंतर. कुठला भाग रेंगाळला, कुठला फोन आधी घ्यायला हवा होता, कोण पाहुणा परत बोलवायचा, एवढंच. पॉडकास्टसाठी काढताना वेळ, तारीख, "आता फोन करा" अशी वाक्यं गाळा, बाकी फार कातरू नका, शांतता तर अजिबात नको. कॉलरना परत फोन केलेला चालेल का हे स्क्रीनरने त्याच वेळी विचारून घ्यावं, हो म्हणाले तरच नंबर ठेवा.

आणि कॅलेंडर उघडा. अधिकाऱ्याने "सहा महिन्यात निर्णय घेऊ" असं ऑन एअर म्हटलंय ना, मग सहा महिन्यांनंतरची तारीख टाका, पुढे त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहा. त्या दिवशी दोन फोन करायचे, पहिला त्या अधिकाऱ्याला, आणि दुसरा त्या बाईंना, की तुमची पाळी सुटते तेव्हा आता बस असते का.